चाळीसपैकी नऊ

दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत प्रश्नवालीचा जीव मेटाकुटीला आला होता. खांद्याला पिशवी, पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा, आणि नव्या चपलेने टाच सोलून काढलेली. प्रश्नवाली हे नाव तिला या इमारतीतल्या लोकांनी पहिल्याच दिवशी चिकटवलं होतं आणि खोटं कशाला बोला, ते तिला आवडलंही होतं. दारोदार जाऊन प्रश्न विचारायचे हेच तर तिचं काम.

फॉर्ममध्ये प्रश्न चाळीस, आणि सगळे आईबापांसाठी. मुलाला वाचून दाखवता का, त्याच्यावर ओरडता का, हट्ट केला तर काय करता, असले. आरोग्य केंद्राच्या बालवर्गात हा फॉर्म तीन वर्षं चालू होता. बालवर्गात जागा वीस आणि मुलं शंभर. मग ज्या आईबापांना गुण जास्त त्यांचं मुलांकडे लक्ष जास्त, असं धरून त्यांची मुलं पहिल्या यादीत घालायची आणि उरलेली दुसऱ्या यादीत. दुसऱ्या यादीतल्या मुलाला आजवर एकदाही बोलावणं आलेलं नव्हतं.

यंदा मात्र कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. हा फॉर्म बनवला खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांकडे बघून. तो हातावर पोट असलेल्या घरांना लागू पडतो की नाही, हे कुणी बघितलंय का? कुणीच नव्हतं बघितलं. म्हणून ते काम प्रश्नवालीच्या ऑफिसकडे आलं. थोडक्यात, परीक्षा आईबापांची नव्हती, फॉर्मची होती. पण हे आईबापांना सांगायला परवानगी नव्हती, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

"वजनकाटा चांगला असेल," ऑफिसातल्या मोठ्या मॅडम समजावून सांगायच्या, "तर तीच वस्तू आज ठेवा नाहीतर तीन आठवड्यांनी, वजन तेवढंच भरतं. तसंच आपण करायचं. त्याच घरात, तेच प्रश्न, तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा." मॅडम इतक्या हळू बोलायच्या, की ऐकणाऱ्याला खुर्चीतून पुढे सरकावं लागायचं. नियमही त्यांचे कडक. प्रश्न आहे तसा वाचायचा. समजावायचा नाही. उत्तर बरोबर की चूक ते दाखवायचं नाही. मान हलवायची नाही, भुवया उडवायच्या नाहीत, हसायचं तर मुळीच नाही.

आता हसू दाबून धरणं हा प्रश्नवालीचा प्रांतच नव्हे. शाळेत तिने त्यापायी अर्धं आयुष्य वर्गाबाहेर काढलं होतं.

पहिल्या फेरीत तिने पहिलं दार ठोठावलं ते इस्त्रीवालीचं. ही बाई मोठ्या धुलाई कारखान्यात दुपारी दोन ते रात्री दहा अशा पाळीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची. नवरा दूर रस्त्याच्या कामावर, महिन्यातून एकदा यायचा. घर म्हणजे एक खोली आणि त्या खोलीभर एक मुलगी, वय साडेचार. एका जागी पाच मिनिटं टिकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

"तुमच्या पाल्यासाठी घरात स्वतंत्र खोली आहे का?" प्रश्नवालीने वाचलं.

"अहो ताई, आम्हालाच नाही!" इस्त्रीवाली म्हणाली. तिचा आवाज खणखणीत. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलेल असा.

"गेल्या आठवड्यात झोपण्यापूर्वी तुम्ही पाल्याला किती वेळा पुस्तक वाचून दाखवलं?"

"मी येते साडेदहाला. तोवर ती अर्धी रात्र झोपून झालेली असते. शून्य लिहा."

"पाल्य हट्ट करतं तेव्हा तुम्ही त्याला शांत जागी घेऊन बसता का?"

इस्त्रीवालीने खोलीभर नजर फिरवली. खाली रस्ता वाहत होता, वरच्या मजल्यावर कुणी तरी कपाट सरकवत होतं, भिंगरी एक पातेलं बडवत होती. "शांत जागा," ती विचारात पडून म्हणाली. "इथे एकच आहे हो, आणि तिच्या बाहेर सकाळी रांग असते."

प्रश्नवालीने खालचा ओठ दातांत धरला आणि डोळे कागदावर रोखले.

"पाल्याशी बोलताना तुमचा आवाज चढतो का? कधीच नाही, कधीकधी, नेहमी."

"नेहमी! आता ऐकताय ना? कारखान्यात यंत्रांचा एवढा धडधडाट असतो, की तिथे कुजबुज करायची तरी ओरडूनच. दहा वर्षं झाली. आता माझं 'जेवलीस का गं राणी'सुद्धा याच आवाजात निघतं. काय करू, गळ्याला बटण नाही."

नियमाप्रमाणे प्रश्नवालीने 'नेहमी'च्या चौकोनात खूण केली. त्या खुणेला गुण शून्य. पण तिला काही राहवेना. तिने कागदाच्या कडेला, जिथे काही लिहायचं नसतं तिथे, बारीक अक्षरात इस्त्रीवालीचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग त्या शांत जागेचंही लिहिलं. मग सगळ्याच घरांतली असली वाक्यं ती लिहीत गेली. मॅडमनी पाहिलं असतं तर कान उपटले असते.

चाळिसावा प्रश्न झाल्यावर इस्त्रीवालीने हळूच विचारलं, म्हणजे तिच्या मानाने हळूच, "किती झाले हो?"

"ते सांगायचं नसतं."

"गेल्या वर्षी नऊ होते. चाळीसपैकी नऊ. बालवर्गातल्या कारकुनाने खिडकीतून ओरडून सांगितलं, 'आईला नऊ, दुसरी यादी.' सगळी रांग बघत होती." ती हसली, पण ते हसू काही चेहऱ्यावर नीट बसलं नाही. "तेव्हापासून मी रात्री आले की झोपलेल्या भिंगरीकडे बघते आणि मनात म्हणते, बाई गं, तुझ्या वाट्याला नऊवाली आई आली. आणि यंदा शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिचं वय उलटतं, मग बालवर्ग घेतच नाही. दुपारभर ती शेजारच्या आजोबांजवळ असते. आजोबा अकरानंतर रात्रभर पहारा करतात, दिवसा त्यांचा डोळा लागतोच. तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून झोपतात बिचारे. पण ही कसली राहतेय! परवा फ्रॉक त्यांच्या मुठीत आणि ही खाली रस्त्यावर."

तपासणी तुमची नाही, फॉर्मची आहे, हे प्रश्नवालीच्या अगदी ओठांवर आलं. पण नियम म्हणजे नियम. तिने मान न हलवता, भुवया न उडवता निरोप घेतला आणि जिना उतरताना स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली.

सुरुवात पहारेकरी आजोबांपासून. पोरगी आणि जावई दुसऱ्या शहरात कामाला, म्हणून एक नात यांच्याकडे, आणि शेजारधर्म म्हणून वर भिंगरी. पहिल्या फेरीत आजोबांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, की वाचायचा चष्मा फुटून वर्ष झालं. आज मात्र ते धुतलेला सदरा घालून दारातच बसले होते.

"पुस्तक? रोज वाचून दाखवतो. सातही दिवस," ते छाती काढून म्हणाले.

"पाल्याला संग्रहालय किंवा प्राणिसंग्रहालय दाखवायला नेता का?"

"दर आठवड्याला."

प्रश्नवालीची भुवई नियम मोडून वर गेली. "आजोबा, कुठलं?"

"ते तू सांग पोरी, कुठलं चांगलं आहे. तेच लिही."

पुढच्या घरात तेच. त्याच्या पुढच्या घरातही तेच. सगळ्या मजल्यावर मुलांना स्वतंत्र खोल्या फुटल्या होत्या. कुणी कुणावर ओरडत नव्हतं. हट्ट करणारी मुलं शांत जागी बसत होती. एका बाईने तर शांत जागेच्या प्रश्नाला 'कधीकधी' म्हणून जीभ चावली, आत पळाली आणि बाहेर येऊन "नेहमी" म्हणाली. प्रश्नवालीचं डोकं भणभणायला लागलं. हा काय चमत्कार? आणि तो सगळ्यांना एकदमच कसा काय झाला?

शेवटी ती इस्त्रीवालीच्या दारात उभी राहिली.

"पाल्याशी बोलताना तुमचा आवाज चढतो का?"

"कधीच नाही!" इस्त्रीवाली अशी काही ओरडली, की खालच्या मजल्यावरून कुणी तरी "काय झालं?" म्हणून विचारलं.

आता मात्र प्रश्नवालीचा बांध फुटला. ती उंबऱ्यावर बसून पोट धरून हसली. इस्त्रीवालीही हसली. भिंगरी दोघींच्या मध्ये उड्या मारायला लागली. हसून हसून डोळे पुसल्यावर प्रश्नवालीने विचारलं, "खरं सांगा हं. हे सगळं कुणाचं?"

"माझंच," इस्त्रीवाली अभिमानाने म्हणाली. "तुम्ही परत येणार म्हणून निरोप आला, तेव्हाच ओळखलं मी. म्हटलं, आपलं सगळ्यांचं चुकलंय. मग रविवारी सगळ्यांना जिन्यात बसवलं आणि चाळीसच्या चाळीस प्रश्नांची बरोबर उत्तरं काढली. दोन दिवस घोकून घेतली. आजोबांना सारखं विसरायला व्हायचं, त्यांच्यावर जास्त मेहनत घेतली."

"पण चुकलंय असं तुम्हाला वाटलंच का?"

"अहो, उत्तर बरोबर असतं तर परत कशाला विचारलं असतं?"

प्रश्नवालीने कपाळावर हात मारून घेतला. इतकी साधी गोष्ट! वजनकाट्यावरच्या वस्तूला थोडंच कळतं, की आपल्याला दुसऱ्यांदा तोलताहेत? माणसाला कळतं. आणि इस्त्रीवाली तर खुशीत होती. तिच्या हिशेबी तिने साऱ्या मजल्याचं आणि पर्यायाने भिंगरीचं भलं केलं होतं.

ऑफिसात मात्र व्हायचं तेच झालं. मोठ्या मॅडमनी दोन्ही फेऱ्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. नऊ आणि एकोणचाळीस. अकरा आणि चाळीस. सात आणि चाळीस.

"ही माणसं खोटं बोलली आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "या इमारतीचे कागद बाद. फॉर्मची तपासणी होऊ शकली नाही, असं कळवू. शुक्रवारी बालवर्गाच्या प्रमुखांबरोबर बैठक आहे. ते जुन्याच फॉर्मवर यादी लावतील."

"म्हणजे यंदाही तीच यादी?"

"दुसरं काय करणार?"

प्रश्नवालीच्या डोळ्यांसमोर भिंगरी उभी राहिली, फ्रॉक सोडून रस्त्यावर धावणारी. तिने पिशवीतून पहिल्या फेरीचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. "मॅडम, रागवायचं तर नंतर रागवा. आधी कडेचं वाचा."

मॅडमनी चष्मा चढवला. पहिल्या पानावर कपाळाला आठ्या. दुसऱ्या पानावरही आठ्या. तिसऱ्या पानावर, शांत जागेपाशी, त्यांच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज आला. प्रश्नवालीला आधी शिंक वाटली. सहा वर्षांच्या नोकरीत तिने मॅडमना हसताना पाहिलंच नव्हतं, तिला कसं कळणार?

"हे लिहायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणीच नाही."

"हं." मॅडम पानं उलटत राहिल्या. "पण उत्तरं बदलली ती बदललीच. मला त्या बाईंना भेटायचंय. स्वतः."

इस्त्रीवालीची पाळी सुरू झाली होती, म्हणून दोघी थेट धुलाई कारखान्यातच गेल्या. मुकादम भला माणूस, त्याने दहा मिनिटं दिली, पण काम थांबणार नाही म्हणाला. आत पाऊल टाकलं आणि वाफेने मॅडमचा चष्माच पांढरा झाला. एका बाजूला ढोलाएवढी धुलाई यंत्रं घुमत होती, दुसऱ्या बाजूला बायका जोडीजोडीने ओल्या चादरी ताणून तापलेल्या रुळांत सरकवत होत्या. इस्त्रीवाली त्या रांगेच्या मध्यावर होती.

मॅडम तिच्याजवळ गेल्या आणि आपल्या नेहमीच्या आवाजात काही तरी बोलल्या. ओठ हलले, एवढंच दिसलं.

"काय?" इस्त्रीवाली म्हणाली.

मॅडम पुन्हा बोलल्या. इस्त्रीवालीने कानाला हात लावला. तिसऱ्यांदा मॅडमच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या आणि त्या जन्मात पहिल्यांदा खच्चून ओरडल्या, "तुम्ही! उत्तरं! का बदललीत!"

चादरीमागच्या साऱ्या बायका वळून बघायला लागल्या. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. स्वतःच्या आवाजाला त्या स्वतःच दचकल्या होत्या.

"ओरडू नका, सांगते!" इस्त्रीवाली तितक्याच जोरात म्हणाली. हात चादरीवरून हलला नाही. "मॅडम, आम्हाला एकच गोष्ट दोनदा कधी विचारतात ठाऊक आहे? पहिल्यांदा विश्वास बसला नाही तर! दवाखान्यात विचारतात, 'खरंच औषध दिलं होतं?' शाळेत विचारतात, 'खरंच ताप होता?' दोनदा विचारलं की समजायचं, आपलं खरं त्यांना चाललेलं नाही. मग त्यांना चालेल ते सांगायचं आणि सुटायचं. मला सुटायचंही नव्हतं. मला माझ्या पोरीला बालवर्गात घालायचंय. तिथे तिला कुणी तरी जागं माणूस बघायला असेल. त्यासाठी तुम्ही म्हणाल तशी आई मी आहे म्हणून सांगेन!"

शेवटचं वाक्य म्हणताना तिचा आवाज फाटला. जोडीच्या बाईने न सांगता चादरीचं तिचं टोक स्वतःकडे ओढून घेतलं, तिला डोळे पुसता यावेत म्हणून.

मॅडमनी हातातला फॉर्म उलटा केला. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, वाफेचं की कशाचं ते देव जाणे. मग त्यांनी पुन्हा गळा ताणला. "तुमची मुलगी! काल! दिवसभर! तुम्ही काय काय केलंत! सगळं सांगा!"

आणि इस्त्रीवालीने सांगितलं. सकाळी भिंगरीची वेणी घालताना तिची कालची सगळी स्वप्नं ऐकली. भाजी आणायला जाताना दुकानांच्या पाट्या वाचायला लावल्या, 'न' आता येतो, 'ण' येत नाही. तिने हट्ट केला तेव्हा तिला दाराशी उभं करून शंभर मोजायला लावले, चाळीसपर्यंत गेली आणि कशासाठी रडत होती तेच विसरली. पाळीला निघताना उशीखाली एक चित्र काढून ठेवलं, रोज ठेवते, म्हणजे संध्याकाळी आजोबांना त्यावरून गोष्ट सांगावी लागते. मॅडम फॉर्मच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत होत्या. कागद ओला झाला, शाई पसरली, त्या लिहीतच राहिल्या. दहा मिनिटांची वीस झाली तरी मुकादम काही बोलला नाही. तो स्वतःच कान देऊन ऐकत होता, दुसरं काय.

बाहेर आल्यावर मॅडम रस्त्याकडेच्या कठड्यावर टेकल्या. बसलेल्या घशातून त्या म्हणाल्या, "या फॉर्मवरून कळतं ते एवढंच, की कुणाच्या घरात खोल्या किती आणि कुणाची पाळी कधीची. हे कळायला चाळीस प्रश्न कशाला हवेत?"

शुक्रवारच्या बैठकीला प्रश्नवालीला प्रवेश नव्हता. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली आणि दोन तासांत तिने हाताची दहाही नखं कुरतडून संपवली. आतून मॅडमचा आवाज ऐकू येत होता. हो, चक्क बंद दारातून! कारखान्यात एकदा मोकळा झालेला गळा काही पुन्हा पहिल्यासारखा होईना.

शनिवारी सकाळी ती इमारतीत शिरली तेव्हा अर्ध्या जिन्यातच हाकाटी झाली. "आली गं, प्रश्नवाली परत आली!" ती वर पोचली तर साऱ्या मजल्याचे चेहरे पडलेले. आजोबा झोपेतून उठून आलेले, सदऱ्याची बटणं खालीवर.

"तिसऱ्यांदा?" इस्त्रीवाली म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हणजे तेही चुकलं? ताई, आता पाया पडते तुमच्या, बरोबर कोणतं ते तुम्हीच सांगून टाका. आम्ही पाठ करतो."

"काही पाठ करू नका. फॉर्म रद्द झाला," प्रश्नवाली धापा टाकत म्हणाली. "तपासणी त्याचीच होती, तुमची नव्हती. तो नापास झाला. दोन्ही याद्या फाडल्या. आता ज्यांचं वय उलटत चाललंय आणि घरी दुपारी बघायला जागं माणूस नाही, त्या मुलांना आधी घेणार. नवी यादी काल लागली. भिंगरीचा नंबर चौथा. सोमवारपासून."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग आजोबांनी "शाब्बास!" म्हणून कठड्यावर थाप मारली आणि सगळ्या गॅलरीत एकच गलका झाला. कुणी भिंगरीला उचललं, कुणी चहाचं आधण ठेवायला पळालं. भिंगरीला काय झालंय ते मुळीच ठाऊक नव्हतं, पण गोंधळ चाललाय एवढं तिला पुरेसं होतं.

इस्त्रीवाली मात्र दाराला टेकून उभी होती. एवढ्या गलक्यात तिचाच तेवढा आवाज नव्हता. तिने प्रश्नवालीचा हात धरला आणि खरोखरच हळू आवाजात विचारलं, "मी पहिल्यांदा जे सांगितलं होतं, त्या शून्यांचं काय केलंत?"

"तेच खरं धरलं. मॅडमनी बैठकीत तेच वाचून दाखवलं, तुमच्या शब्दांत."

"परत विचारलं नाही कुणी? खरंच का म्हणून?"

"नाही. कुणीच नाही."

 इस्त्रीवालीचे डोळे भरून आले, आणि ते न पुसताच ती हसायला लागली. प्रश्नवालीने मान हलवली, भुवया उडवल्या आणि तिच्या गळ्यात पडून तीही हसायला लागली.